शेपटीचा तुकडा

"शेपटीचाच तुकडा वाढ त्याला," पंखा हलवत क्षान्तमणी म्हणाली.

चपलाचा डाव हवेतच थांबला. "वन्सं, पाहुण्याला शेपटी?"

"पाहुणा कसला? जावई व्हायचंय ना त्याला! मग गिळू दे काटे. एखादा घशात अडकला, की पोहत जाईल जपानला."

दाराआड निभाच्या बांगड्या वाजल्या आणि लगेच गप्प झाल्या.

चपलानं मुकाट्यानं शेपटी वाढली. केळीच्या पानावर मोहरीतला हिलसा मासा, आणि पानासमोर मांडी घालून सावामुरा. स्वदेशीच्या वाऱ्यात चपलाच्या नवऱ्यानं, जोगेशनं, बंगालात बारिसालला चिनी मातीच्या कपांची भट्टी घातली, तेव्हा ती पेटवायला शिकवायला म्हणून हा जपानहून आला. कप शिकवले, बशा शिकवल्या, आणि आता थेट जोगेशची पोरगी निभाच मागत होता. जोगेशनं हात वर केले होते. निभाला लहानाची मोठी केली ती त्याच्या ताईनं, क्षान्तमणीनं. ताई हो म्हणाली तर हो.

ताईनं एवढंच म्हटलं होतं, "आधी जेवायला बोलव. हिलसा खाता न येणाऱ्याच्या घरी मी पोर देणार नाही."

सावामुरानं वाकून नमस्कार केला, खिशातून दोन बारीक काड्या काढल्या आणि मासा सोलायला घेतला. चपला पदरात तोंड खुपसून हसायला लागली.

"विणकाम करतोय का रे हा?" क्षान्तमणीनं विचारलं.

 जोगेशचा स्वतःचा घास हातातच राहिला होता. सावामुरा एकेक काटा अलगद ओढून पानाच्या कडेला ठेवत होता. बघता बघता तिथं कंगव्याच्या दातांसारखी रांग लागली. शेपटीच्या तुकड्यातले काटे! क्षान्तमणीचा पंखा जरा मंदावला.

सगळा मासा निवडून झाला, पण त्यानं तोंडात कणही घातला नाही. पानाचा एक तुकडा फाडला, त्यावर तो मऊ मासा ठेवला आणि दोन्ही हातांनी क्षान्तमणीपुढे सरकवला.

"आत्याबाई, आधी तुम्ही. मोठं माणूस उपाशी वारा घालतं, मी कसा खाणार?"

चपलाच्या हातून डाव पडला.

"अरे सावामुरा, काय केलंस!" जोगेश अर्धा उठला. "ताई विधवा आहे, ती मासा शिवतसुद्धा नाही!" 

सावामुरा एकदम पांढराफटक पडला. त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं ते वर करेचना. दाराआड बांगड्या पुन्हा वाजल्या.

पंखा थांबला होता. समोर मोहरीची वाफ येत होती. क्षान्तमणी लग्नाआधी फार हट्टी होती. काटे काढून दिल्याशिवाय जेवायची नाही. आई काढून द्यायची. नंतर पांढरं पातळ आलं आणि ताटातला मासाच गेला, मग काटे कोण काढणार?

ती जरा पुढे वाकली. डोळे मिटून वास घेतला.

"पद्मा नदीतला आहे," ती म्हणाली. "ताजा आहे."

मग हाक मारली, "निभे, बाहेर ये. चोरासारखी उभी राहू नकोस तिथं."

निभा आली. क्षान्तमणीनं पानाचा तुकडा स्वतःच्या हातानं तिच्यापुढे सरकवला.

"वन्सं, शिवलात!" चपला ओरडली.

"दिसतंय मला, आंधळी नाही मी. खा गं तू."

"आत्या, आधी ते..."

"तो कशाला? काटे त्यानं काढलेत, खायचंस तू. आणि तोंडात घास घेऊन रडू नकोस, चव जाते."

निभा खाऊ लागली. रडत होती की हसत होती, कळायला मार्ग नव्हता.

"आणि तू रे, ऊठ! फरशी काय चाटतोयस?" क्षान्तमणीनं पंखा सावामुराच्या पाठीवर हलकेच आपटला. "चपले, याच्या पानात पोटाचा तुकडा वाढ. चांगला मोठा. जावयाला शेपटी वाढतात का कुणी?"

जोगेश मोठ्यानं हसला आणि त्यालाच ठसका लागला.

"मी चालले तळ्यावर," क्षान्तमणी उठली. "या मेल्यामुळे भर दुपारी दुसऱ्यांदा आंघोळ."

घाटावर कुणी नव्हतं. ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. मागे वळून घराकडे पाहिलं, मग हळूच उजव्या हाताची बोटं नाकाशी नेली. मोहरीतल्या माशाचा वास अजून होता.

मग लहान पोरीसारखं नाक धरून तिनं धपकन बुडी मारली. उजवा हात मात्र पाण्याबाहेर वर धरलेला होता.