बापाची कसली किळस

नणंदबाईंना हातमोजे घालायला सांगणं म्हणजे जणू त्यांच्या बापाला शिवी देणं. वृद्धाश्रमातल्या नर्सने सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. उत्तर एकच, "माझ्या बापाची मला कसली किळस?" वर माझ्याकडे एक कटाक्ष. माझ्या हातात मोजे, अंगावर प्लास्टिकचा एप्रन. मी कोण, ते न बोलताच ठरायचं.

त्यात जुलाबाची साथ आली. आधी सासऱ्यांना झाले, मग शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना. का नाही होणार? घाण झालेली चादर या बाई छातीशी कवटाळून नेणार, त्याच हातांनी आजोबांची उशी नीट करणार, आणि 'किती प्रेमळ मुलगी' हे कौतुकही पदरात पाडून घेणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी नर्सने बजावलं, "आणखी कुणाला लागण झाली, तर नातेवाइकांना आत सोडणार नाही." सासरे तर आमच्याशिवाय कुणाच्या हातून घोटभर पाणीही घेत नव्हते.

त्याच दुपारी चादर पुन्हा खराब झाली. मी मोज्यांची जोडी नणंदबाईंपुढे धरली.

"ताई, घाला. नाहीतर बाबा इथे एकटे पडतील."

"तूच घाल. तुला गरज आहे."

"मग चादरीला हात लावू नका."

"माझ्या बापाच्या चादरीला? तू कोण गं मला सांगणारी?"

त्यांनी चादर खसकन ओढली. दुसरं टोक मी सोडलं नाही. मध्ये सासरे, भिंतीकडे तोंड करून.

"घाल ते मोजे," ते म्हणाले. "तुझा उघडा हात लागला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पोरी."

नणंदबाई पांढऱ्याफटक पडल्या. मला? खोटं कशाला बोलू, आनंद झाला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा सासरच्या कुणी माझी बाजू घेतली होती.

"आणि वहिनी करते ते चालतं?" त्या रडतच ओरडल्या.

"तिचं काही वाटत नाही," सासरे म्हणाले. "ती काय आपल्या रक्ताची थोडीच आहे?"

नणंदबाईंनी मुकाट्याने मोजे चढवले. धुलाईच्या लाल पिशवीचं तोंड मी उघडून धरलं. चादर आत टाकताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी कीव आली होती. त्यापेक्षा त्यांच्या शिव्या परवडल्या.

मी पिशवीला करकचून गाठ मारली.