शेजारनं चालायचं

निमगाव सावाच्या भगवंततात्यांनी साठाव्या वर्षी समुद्राकाठाने चार दिवस चालत जायचा बेत केला, तेव्हा त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांच्या बायकोने, कुशाबाईंनीही पाहिला नव्हता. पण न पाहिलेल्या गोष्टीचा बेत करायला असं काय लागतं? माणसं न पाहिलेल्या पोरीशी लग्न ठरवतात आणि अडतीस वर्षं नांदतात. तात्यांनी तेच केलं होतं.

तात्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, किती तास सोडायचं, कुणाचं दार कधी बंद करायचं, हे ठरवण्यात त्यांची उभी हयात गेली. नोकरी संपली तरी हात शिवशिवायचा थांबला नाही. दिवेलागणीला गावची वीज गेली की ते कंदील घेऊन ओट्यावर बसत, साखर कारखान्याचं जुनं कॅलेंडर पालथं घालत आणि त्याच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने किनारा काढत. श्रीवर्धन, आरावी, शेखाडी, भरडखोल, दिवेआगर. नावं लिहिताना त्यांना उगाचच गार वाटायचं.

ही नावं सावळारामने पुरवलेली. सावळाराम एसटीचा ड्रायव्हर, अकरा वर्षं कोकणात गाडी चालवून परत आलेला आणि आता चहाच्या वेळा सांभाळून तात्यांच्या ओट्यावर येणारा. श्रीवर्धनपासून दिवेआगरपर्यंत सात कोस, असं त्याने सांगितलं. तात्यांनी त्याचे तीन दिवस पाडले. एका दिवसात अडीच कोसांच्या वर एक पाऊल नाही. चौथ्या दिवशी दिवेआगरला वाळूत नुसतं बसायचं.

गावाला वाटलं, म्हातारा रिकामा झालाय, त्याला काहीतरी पाहिजे. खरं कारण गावाला ठाऊक नव्हतं, आणि तात्या ते सांगणार नव्हते.

झालं होतं असं. मागच्या चैत्रात दोघं नारायणगावचा बाजार करून फाट्यावर उतरली आणि मळ्याकडे चालू लागली. तात्या पुढे, कुशाबाई मागे. आपल्याकडे शेताचा बांध असतो दीड वीत रुंद, त्यावर दोन माणसं शेजारी मावत नाहीत. नवरा पुढे, बायको मागे, अशी ती बांधावरची सवय पुढे डांबरी रस्त्यावर आली तरी सुटत नाही. कुणी बायकोच्या शेजारून चाललाच तर लोक विचारतात, "काय राव, नवं लगीन झालंय का?" तर तात्या पुढे चालत होते आणि ऊसतोडीच्या टोळीची कुठलीशी हकिकत सांगत होते. मागून हूं की चूं नाही. त्यात नवल काहीच नव्हतं. कुशाबाईंचं गप्प राहणं म्हणजे होकार, हे त्यांनी अडतीस वर्षांपूर्वीच धरून टाकलेलं. ओढ्यावरच्या मोरीपाशी तंबाखू थुंकायला ते वळले, तर मागचा रस्ता पार फाट्यापर्यंत रिकामा.

कुशाबाई अर्धा मैल मागे, रस्त्याकडेच्या बाभळीखाली आडव्या पडलेल्या सापडल्या. खुरपायला आलेल्या दोन बाया पदराने वारा घालत होत्या. डोळे उघडल्यावर कुशाबाईंनी पहिलं विचारलं, "पिशवीतली अंडी फुटली का वं?"

डॉक्टर म्हणाले, ठोके जरा मंद पडतात, गोळ्या घ्या, रोज चालत जा, पण सपाटीला, चढ नको. कुशाबाईंनी गोळ्या घेतल्या आणि विषय संपला. तात्यांचा मात्र संपला नाही. आपण अर्धा मैल रिकाम्या रस्त्याशी बोलत गेलो, हे त्यांना जेवताना आठवायचं, दाढी करताना आठवायचं. भीती वाटायची, साधी सरळ भीती. पुढच्या वेळेला वळून बघायला आपल्याला आणखी उशीर झाला तर? त्यांना एवढंच हवं होतं की तिने शेजारून चालावं, म्हणजे ती आहे हे न वळता कळेल. पण सगळ्या कालव्यावर ज्याचा आवाज घुमायचा, त्या माणसाला हे एक वाक्य बायकोला सांगता येईना. मळ्यात जागा नव्हती, रस्त्यावर लाज होती. सावळाराम म्हणाला होता, "तिथली वाळू म्हंजी तात्या, धा बैलगाड्या शेजारी शेजारी जात्याल. आन् वळखीचं कुत्रं न्हाई." त्या दिवशीच बेत पक्का झाला.

"काम न्हाई, धाम न्हाई, नुसतं चालायचं?" कुशाबाई म्हणाल्या. "लोक म्हंतील, सुनंनं घराभायेर काढलं."

"देवाला चाललोय म्हनू."

"मंग देवाला जाऊ. गाडीनं."

"डागदरनं चालाया सांगितलंय ना? सपाटीला? समुद्रापरीस सपाट काय हाये?"

कुशाबाईंनी भाकरी थापायला घेतली.

तरी रोजच्या रोज ऐकून ऐकून त्यांनाही त्याची चटक लागली. पौषातली थंडी, ओट्यावर कंदील, पुढ्यात कॅलेंडर. तात्या पेन्सिलीचं टोक श्रीवर्धनवर ठेवत आणि हळूहळू वर सरकवत नेत. "हितं नारळाच्या बागा. हितनं वाळूत उतरायचं." कुशाबाई तांदूळ निवडता निवडता विचारत, "वाळू तापती का?" "सकाळची कशी तापंल?" "आरावीला च्या कुठं घ्यायचा?" तात्या आरावीला एक लहानसं हॉटेल काढत, त्याला बाकडंसुद्धा देत. मग कुशाबाई त्या बाकड्यावर बसत आणि म्हणत, "च्यात साखर लई घातली मेल्यानं." अंगणापलीकडचा कांदा अंधारात हलायचा. वारा आला की दोघंही तिकडे बघायची, आणि बराच वेळ दोघांनाही ते आपलंच शेत आहे याची आठवण व्हायची नाही. असं त्यांनी शेखाडी गाठलं, भरडखोलला वाळत घातलेली मासळी बघितली, कुशाबाईंनी नाकाला पदरही लावला.

मग एका संध्याकाळी सावळारामने कॅलेंडर नीट वाचलं आणि तो हसायलाच लागला. तात्यांनी रोज सकाळी न्याहारी करून दहाला निघायचं ठरवलं होतं. धरणाचं पाणी वर्षातून एकदा चढतं आणि एकदा उतरतं, समुद्राचंही तसंच असणार, असं त्यांनी गृहीत धरलेलं.

"दहाला निघून चालणार कुठनं? पुनवंला दुपारी बाराला तिथं वाळू नसती, पानी असतंय."

"आन् उतरतं कवा?"

"पुनवंला सकाळी सहाला पार मागं. फुडं रोज पाऊण तास उशिरा. तिथले कोळी तिथीवरनं सांगत्यात."

तात्या उठून उभेच राहिले. "आरं, म्हंजी पान्याची पाळी हाये की ही! रोज पाऊण तास सरकणारी पाळी!" अख्ख्या समुद्राला आपल्यासारखा कुणीतरी पाटकरी आहे, या गोष्टीचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पहिला बेत फाडून टाकला. नव्या कागदावर माघी पौर्णिमा धरली. पहिला दिवस सहाला निघायचं, दुसरा पावणेसातला, तिसरा साडेसातला. असा देखणा तक्ता त्यांनी नोकरीतही कधी केला नव्हता.

आता राहिली होती ती तालीम. पौषातल्या संकष्टीला दोघं नेहमीप्रमाणे ओझरला गेली. विघ्नहराचं दर्शन झालं, कुशाबाईंचा उपास होता म्हणून तात्यांनीही नुसता चहा घेतला, आणि ते म्हणाले, "चल, जरा पाण्याकडनं फिरू." देवळामागे येडगाव धरणाचं पाणी पसरलेलं. ते थोडं हटलं होतं आणि काठाला ओल्या मातीचा चांगला रुंद पट्टा उघडा पडला होता. ऊन कोवळं, पाण्यावर धुकं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. तात्यांना वाटलं, बस्स, असाच असणार समुद्र.

ते पुढे झाले. कुशाबाई मागे.

तात्यांनी चाल कमी केली. मागची चालही कमी झाली. ते थांबले, मागची पावलं थांबली. उजवीकडे सरकले, तर त्याही मागच्या मागे उजवीकडे. एवढी मोठी जागा मोकळी पडलेली आणि दोघं दीड वितीच्या बांधावरून चालल्यासारखी एकामागे एक! तात्यांनी वळून बघितलं तर बाई वाटेतल्या काटक्या गोळा करत होत्या. काखेत चांगला भारा झाला होता.

"ह्ये काय?"

"जळण. मोकळ्या हातानं चालाया कसं तरीच हुतंय."

"टाक आधी ते!" तात्या ओरडले. पाण्यावरची दोन बदकं उडाली. "शेजारनं चालाया येत न्हाई का तुला? येवढा बेत केला, येवढा तक्ता लिवला, कशापायी? तू मागं पडलीस आन् मी मोरीपातूर बोलत गेलो. येकटाच. तुजा जीव तिकडं..." त्यांनी टोपी काढली आणि तिनेच तोंड पुसलं.

कुशाबाईंनी भारा खाली ठेवला. त्यांच्या तोंडावर नवल नव्हतं.

"मला आयकू येत व्हतं," त्या म्हणाल्या. "पडल्यावर. तुमचा आवाज लांब लांब चालला व्हता. म्हनलं, बोलत्यात म्हंजी धड हायेत."

तात्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"आन् मागं चालत्ये ती काय कुणी सांगितलंय म्हून न्हाई. मागनं तुमी दिसता. दमलात की तुमचा डावा खांदा उतरतो. भूक लागली की पाय भरभर पडतो. राग आला की मान ताठ हुती. पुढं काय हाये ते तुमी बघा, मी तुमाला बघत्ये. शेजारनं आले तर मला पानी दिसंल. तुमी न्हाई दिसनार."

तात्यांनी नकळत डावा खांदा चाचपला. अडतीस वर्षं आपल्या पाठीवर कुणाची तरी नजर होती आणि आपण ती कधी वळून बघितली नाही, याची त्यांना लाज वाटली. मग दुसरी लाज वाटली, ती याहून मोठी. बायको दमली की तिचं काय होतं, भूक लागली की काय होतं, हे त्यांना सांगता आलं नसतं. ती कशी चालते हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"तू व्हय फुडं," ते म्हणाले.

"मी? चला, कायतरीच."

"व्हय म्हनतो ना. मला बघू दे."

कुशाबाई हसल्या, लाजल्या, दोनदा नको म्हणाल्या आणि निघाल्या. तात्या मागून चालू लागले. ओल्या मातीत तिचे ठसे उमटत होते, आणि उजव्या पायाची टाच एकाही ठशात नीट टेकलेली नव्हती. केव्हापासून? मळ्यात आली तेव्हापासून, की लेकाच्या, सूरजच्या बाळंतपणानंतर, की मागच्या वर्षी? विचारायला हवं होतं. त्यांनी अडीच कोसांचे दीड करून टाकले, मनातल्या मनात, आणि तीन दिवसांचे पाच.

तिला मात्र पुढे चालवेना. दहा पावलं झाली की ती मान वळवून बघायची. तात्या म्हणायचे, "हाये." पुन्हा दहा पावलं, पुन्हा मान. "हाये, हाये." असं सात-आठ वेळा झालं. शेवटी ती थांबली, मान चोळत उभी राहिली आणि त्यांची वाट बघू लागली.

"अशानं मान मोडंल माजी," ती म्हणाली. "या हिकडं."

तात्या तिच्या बरोबरीला आले. ती पुढे गेली नाही, मागेही सरली नाही. दोघं शेजारी शेजारी चालू लागली, जरा अवघडून, हात लागेल की काय अशा बेताने. बाजूला पाणी होतं आणि धुकं निवळत होतं. माघी पौर्णिमेला अजून पावणेचार आठवडे होते. तात्यांना आता केव्हाही बोलता आलं असतं, पण ते तिच्या श्वासाचा आवाज ऐकत होते आणि त्यांनी तो याआधी कधी ऐकला नव्हता.