घाटमाथ्यावरचं चार्जिंग

"चालू केलीस का?" बॉनेटवर तळहात टेकवून बाबांनी विचारलं.

"केव्हाचीच चालू आहे," लेकीने खिडकीतून डोकं बाहेर काढून मोठ्याने सांगितलं.

बाबांनी हात उचलून पाहिला आणि पुन्हा टेकवला. त्यांचा जन्म डिझेल पंप दुरुस्त करण्यात गेला होता. नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं ओळखत, आणि त्याच आवाजाने त्यांचे कान नेले. डाव्या कानात थोडी धुगधुगी उरली होती. गिअर टाकायची वेळ ऐकूच येईना, गाडी करकरू लागली, तेव्हा त्यांनी आपणहून चालवणं सोडलं. आता नर्स असलेल्या लेकीने वापरलेली इलेक्ट्रिक एसयूव्ही आणली होती. तिला ना गिअर, ना क्लच, आणि तिचा आवाज चांगल्या कानांच्या माणसांनाही येत नव्हता.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, बॅटरी आता नव्यासारखी धावायची नाही. मग नक्की किती धावेल, या प्रश्नाने बाबांना झपाटलं. एसी लावून, बंद करून, रमतगमत, भरधाव, अशा रोज नव्या तऱ्हेने ते चक्कर मारून येत आणि किती चार्ज खर्च झाला ते लेकीला ऐकवत. आठवड्याने खरा प्रश्न बाहेर पडला.

"अक्काकडे पोचेल?"

अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती घाटमाथ्यावर एकटीच राहायची. बस पायथ्याशी थांबे, त्यामुळे गाडी सोडल्यापासून बाबांचं तिकडे जाणं झालं नव्हतं. वाटेत चार्जर कुठेच नव्हता. तरी दोघं निघाली.

सपाट रस्त्यावर सगळं झकास होतं. चढ लागला आणि स्क्रीनवरचे आकडे घरंगळू लागले. एक वळण संपेपर्यंत दोन वळणांचा चार्ज जाई. लेक म्हणाली, अजून परत फिरता येईल. बाबांनी एसी बंद केला, तिला काचा खाली करायला लावल्या आणि पाय हलका ठेवून चालवत राहिले. मध्येच छोटा उतार आला. आकडा एकाने वर सरकला.

"बघितलंस? उतारावर आपली आपण भरून घेते," ते म्हणाले. पुढची दोन वळणं ते खुशीत होते.

मग स्क्रीनवर पिवळं कासव उमटलं. गाडीची ताकद कमी झाली. कासवाच्याच चालीने ती दोघं अक्काच्या दारात पोचली.

पूर्वी बाबा कामाच्या फेरीत यायचे ते इंजिन चालू ठेवून. उभ्या उभ्या चहा घशाखाली ओतायचा, की निघालेच. आता न्हाणीघरातल्या गीझरच्या प्लगला केबल लावून ती खिडकीतून बाहेर काढावी लागली. घरचं चार्जिंग सावकाश. लेकीने आत्याला सांगितलं, उद्या सकाळपर्यंत तरी थांबावं लागेल.

"म्हणजे हा राहणार?" अक्काने विचारलं.

लेकीने ते बाबांच्या कानात सांगितलं.

"गाडीच राहतेय," बाबा म्हणाले. "मी कुठे जाणार?"

अक्काने कपाटातून धुतलेली चादर काढली.

सकाळी भाऊ-बहीण ओट्यावर बसली होती. लेक गाडी बघून आली. दुपारी तिची ड्यूटी नव्हती, पण संध्याकाळच्या आत खाली पोचलेलं बरं, असं तिला वाटत होतं. तिने बाबांना खुणेनेच सांगितलं, अर्ध्याच्या वर भरली आहे, खाली जायला एवढी पुष्कळ झाली.

बाबांनी गाडीकडे पाहिलं, मग घाटाकडे.

"पूर्ण भरू दे," ते म्हणाले.

उतारावर गाडीला काही लागत नाही, हे लेकीच्या ओठांवर आलं होतं. ते तिने तिथेच ठेवलं आणि ती कप विसळायला आत गेली.

अक्का उठली. आपली खुर्ची तिने सरकवत सरकवत बाबांच्या डाव्या बाजूला आणली, अगदी कानापाशी, आणि बोलायला सुरुवात केली.