या मडकीत हात घालू नका

मी मडकी बोलतेय. रागाने बोलतेय, हे आधीच सांगून ठेवते. गोड बोलणारी भांडी हवी असतील तर कपाटातल्या काचेच्या बरण्यांकडे जा. माझ्या अंगाला भोक आहे, गळ्याला तार आवळलेली आहे आणि पोटात या घडीला चार अंडी आहेत. म्हणून भांडायचं तेही हळू आवाजातच भांडते.

माझा जन्म कुसगावचा. मुक्ताबाई कुंभारणीचा नवरा चाक फिरवी आणि ती लाकडी थापटण्याने आमची पोटं फुगवी. आमच्या आव्याच्या भट्टीतून बाहेर पडलेल्या माझ्या बहिणी कुणी दह्याला गेल्या, कुणी पाण्याला, एक तर लग्नघरी गेली. माझंही असंच काहीतरी चांगलं होईल असं मला वाटत होतं.

जर्मनीशी दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. लोणावळ्याच्या एका बंगल्यावरचा माळी, चाँदभाई, आमच्या दारात आला.

"मावशी, एक लहान मडकी पायजे, झाकणीसकट. आन् पोटाला हितं, लिंबायेवढं भोक ठिवा."

मुक्ताबाईचा हात थांबला. "भोकाचं मडकं? कुणाचं मढं निघालंय रं तुझ्याकडं? मसणात पाडत्यात मडक्याला भोक, खांद्यावर घेऊन फिरताना. लोकांच्या घरात कुणी टांगतं का?"

"पाखरांसाटी हाये मावशी. आबासायबांनी मुंबैवरनं जोडी आणलीया. मडक्यातच अंडी घालत्यात ती."

"मग तूच पाड. माझ्या आव्यातनं भोकाचं भांडं भाईर पडत न्हाई."

त्याने मला नेलं आणि बंगल्यामागच्या आपल्या खोलीत बसून, पाणी लावत लावत, कानशीच्या टोकाने माझं पोट कोरलं. अख्खी दुपार कोरत होता. मी तेव्हा त्याला मनातून इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. ज्या भांड्याला भोक पडलं त्याचं शेवटचं ठिकाण स्मशान, एवढं आम्हा मातीच्या लेकींना जन्मतः ठाऊक असतं. माझ्या तोंडावर झाकणी बसली, तळाशी लाकडाचा भुसा पडला आणि बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यातल्या मोठ्या पिंजऱ्यात मला टांगण्यात आलं.

पिंजऱ्यात दोघं होती. नाकावर निळी पट्टी असलेला नर आणि तपकिरी पट्टीची हिरवी मादी. मूठभर अंगाची ही पाखरं. बंगल्याचे मालक अंबाजीराव, म्हणजे चाँदभाईचे आबासाहेब, त्यांना बजरीगार म्हणत, पाहुणे लव्हबर्ड म्हणत आणि चाँदभाई नुसतं 'निळा' आणि 'हिरवी' म्हणे. चार दिवस हिरवीने भोकातून डोकं घालून मला तपासलं. पाचव्या दिवशी ती आत शिरली, चोचीने भुसा उपसला, नखांनी तळ खरवडला आणि बसली. माझ्या पोटात कुणीतरी विश्वासाने बसलं होतं. चाँदभाईवरचा माझा राग त्या दिवशी संपला. पण नवा राग यायला फार वेळ लागला नाही.

हे अंबाजीराव रेल्वेचे जुने खडीचे ठेकेदार. हातात तीन खड्यांची अंगठी आणि घरात सदा पाहुणे. चहा झाला की म्हणायचे, "चला, तुम्हाला गंमत दाखवतो." गंमत म्हणजे मी. झाकणी उचलायची, हिरवीला बोटाने बाजूला सारायचं आणि अंडं काढून पाहुण्याच्या तळव्यावर ठेवायचं. हिरवी कोपऱ्यात अंग चोरून कापत राहायची. दिवसातून चारदा, पाचदा. त्या हाताला थांबणं सुचतच नव्हतं. माणसाला प्रेम हाताने करायची खोड आहे. डोळे आहेत, त्यांचा उपयोग करावा, हे त्याला कळत नाही.

पहिल्या विणीच्या वेळी एक अंडं पाहुणीच्या बोटांतून निसटून फरशीवर फुटलं. उरलेली तीन हिरवीने सोडून दिली. ती आत यायचीच बंद झाली. थंड अंडी पोटात घेऊन मी आठ दिवस लटकत होते.

"आबासायेब," चाँदभाई खाली बघत म्हणाला, "हात नगा घालू आत. हात लागला की ती बसत न्हाई. मी बी भुसा बदलतो त्यो ती खायाला भाईर गेल्यावरच, आन् लगीच झाकतो."

"पाखरं माझी, पिंजरा माझा. आणि तू मला शिकवणार?"

 आठवडाभर चाँदभाईने राळ्याचे बारीक दाणे निवडले, चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा तारेत अडकवला, कोथिंबिरीच्या काड्या धुऊन खोवल्या. आषाढ लागता लागता हिरवी पुन्हा आत आली. आषाढात पाहुणे कमी असतात, देवाची कृपा. एक दिवसाआड एक अशी तिने पाच अंडी घातली. निळा भोकाशी येऊन तिला दाणे भरवी. अठरा दिवसांनी पहिलं पिल्लू निघालं, मग एकेक करत बाकीची. उघडी, आंधळी, बोटाच्या पेराएवढी. पण आवाज काय त्यांचा! रात्रंदिवस माझ्या पोटात किरकिर चाले आणि मला ती गोड लागे. हो, लागे. रागीट भांड्याला माया नसते असं कुणी सांगितलं तुम्हाला?

सगळ्यात थोरलं पिल्लू सोळा दिवसांचं होतं तेव्हा अंबाजीरावांच्या थोरल्या बहीण झुंबरबाई मुंबईहून मुक्कामाला आल्या. बाई वाईट नव्हत्या. हेच तर संतापजनक आहे. वाईट माणसाला निदान ओळखून राहता येतं.

त्या दिवशी चाँदभाई राळे आणायला गाडीने तळेगावला गेला होता. बाहेर धुकं इतकं की व्हरांड्यातून फाटक दिसेना. झुंबरबाईंनी झाकणी उचलली आणि आत पाहिलं.

"अगं बाई! पाच पोरं पदरात आणि बाळंतीण अशी ओल्या वाऱ्यात? अंबाजी, तुला काही कळतं की नाही? हिला शेक नाही, धुरी नाही!"

अंबाजीराव हसले. "तू कर काय करायचं ते. बाळंतपणं तूच काढलीस या घरातली."

आणि त्यांनी केलं. बाळंतिणीच्या बाजेला करतात तसं. वारा लागू नये म्हणून पिंजऱ्याला चारी बाजूंनी तरट गुंडाळलं, खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली आणि निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा, लसणीची सालं आणि ऊद टाकला. तरटाची कड नीट खोचली आणि समाधानाने जेवायला गेल्या.

धूर मला नवा नव्हता, मी आव्यात भाजून निघालेली. पण पाखराची छाती केवढी! निळा दांडीवरून दोनदा फडफडला आणि खाली पडला, तो उठलाच नाही. हिरवीला बाहेर पडता आलं असतं, खालच्या कोपऱ्यात धूर थोडा विरळ होता. ती नाही गेली. ती भोकात येऊन बसली, चोच बाहेर आणि अंग आत, आणि भोक तिने आपल्या अंगाने बुजवून टाकलं. ती पिल्लांसाठी तशी बसली की हवेसाठी धडपडताना तिथेच संपली, हे मला माहीत नाही. मी मडकी आहे, पाखराच्या मनातलं सांगत नाही. धूर आत कमी आला एवढं मात्र खरं. मला ओरडता आलं असतं तर मी बंगल्याची कौलं उडवली असती.

दुपारी चाँदभाई आला. राळ्याची पिशवी त्याच्या हातातून गळाली. त्याने तरट फाडून काढलं, शेगडी लाथेने उडवली आणि पिंजऱ्यात हात घालून हिरवीला बाहेर काढलं. "ह्ये कुणी केलं? कुणी केलं ह्ये?" एवढंच तो म्हणत होता.

झुंबरबाई धावत आल्या. "मी धुरी दिली. त्यात काय वाईट केलं? पाच बाळंतपणं काढलीत मी या हातांनी, कुणाला काही झालं नाही!" त्यांचे डोळे भरून आले होते. आणि मग त्यांची नजर माझ्यावर गेली. हिरवी निघाल्यावर माझं भोक उघडं पडलं होतं.

"अंबाजी, हे भोकाचं मडकं घरात कुणी टांगलं रे? हे तर स्मशानातलं! मग मरण नाही येणार तर काय होईल?"

अंबाजीरावांच्या चेहऱ्यावर एकदम सुटका दिसली. बहिणीचा दोष नाही, स्वतःचा तर नाहीच नाही. दोष मडकीचा! इतके महिने माझ्यात हात घालताना या गृहस्थाला शकुन-अपशकुन आठवला नव्हता. भोक काय तेव्हा नव्हतं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला तळपाय नाहीत.

"चाँद, तूच आणलीस ना ही अवदसा घरात? जा, आतल्या सगळ्यासकट ओढ्यात फेकून ये. घरातल्या कुणी तिला हात लावायचा नाही."

चाँदभाईने मला छातीशी धरून उचललं. तेवढ्यात माझ्या पोटात काहीतरी हललं. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो ओढ्याकडे न वळता आपल्या खोलीकडे वळला.

त्याच्या बायकोने, जैतुनबीने, झाकणी काढली. पाचांतली दोन जिवंत होती. तिने मेलेली तीन बाजूला केली, माझा तळ पुसला, नवा भुसा घातला. मला गोधडीत गुंडाळून चुलीच्या उबेला, पण धुरापासून लांब ठेवलं. राळे शिजवून, वाटून, कापडातून गाळून तिने पातळ पेज केली. आंब्याचं पान चमच्यासारखं दुमडून थेंब थेंब चोचीत सोडला. गळ्याखालची पिशवी भरली की थांबायची. पिशवी रिकामी झाली की पुन्हा. कामाधामातून, भाकरी तव्यावर ठेवून, दर दोन तासांनी.

तिसऱ्या दिवशी त्यातलं एक गेलं. जैतुनबी रडली नाही. तिने पेज थोडी आणखी पातळ केली. "ह्ये एक तरी ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि मला वाटलं ती माझ्याशीच बोलतेय.

ते राहिलं. पंखांवर हिरवे काटे फुटले, काट्यांची पिसं झाली. भोकातून डोकं काढून ते ओरडायला लागलं, आणि तिथेच घोटाळा झाला. भाद्रपदातल्या एका उघडिपीच्या सकाळी अंबाजीराव बागेत फिरत असताना त्यांनी तो आवाज ओळखला.

ते काठी आपटत खोलीच्या दारात आले. मागे छत्री घेऊन झुंबरबाई.

"हे माझं पाखरू आहे."

जैतुनबीच्या हातात पेजेची वाटी होती. ती महिनाभर नीट झोपली नव्हती. मालकासमोर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी पदर सावरून ती बाजूला झाली आणि म्हणाली, "हाये की, आबासायेब. मडकीत हाये. झाकणी काडा आन् घ्या."

अंबाजीरावांचा हात पुढे आला. तोच हात, तीच तीन खड्यांची अंगठी. दिवसातून पाचदा विचारल्याशिवाय माझ्या पोटात शिरणारा. माझ्या झाकणीपासून वीतभर अंतरावर तो थांबला. माझं भोक त्यांच्याकडे बघत होतं.

"हात लावू नकोस हं अंबाजी!" झुंबरबाई मागून ओरडल्या.

हात तसाच हवेत राहिला.  "चाँद," ते म्हणाले, "तू काढून दे."

चाँदभाई दाराला टेकून उभा होता. शांतपणे म्हणाला, "तुमीच फेकाया सांगितलं व्हतं, सायेब. फेकलेलं परत बंगल्यात न्हेलं आन् उद्या काय झालं, तर त्येचा दोष बी मडकीला लागंल. म्हंजे मलाच. मी न्हाई देत."

अंबाजीरावांनी हात खिशात घातला. माझ्या सगळ्या आयुष्यात एवढं समाधान मला कशाने झालं नाही. जिथे विनवणी हरली, पाखराचं मरण हरलं, तिथे भीतीने तो हात थांबवला. समाधान झालं आणि संतापही आला, कारण तो हात एवढा थांबू शकत होता तर आधीच का नाही थांबला?

पंधरा दिवसांत चाँदभाईला खोली सोडायला सांगितलं. कारण काय तर बागेची नीट निगा नाही. त्याच्या भावाचं घर कुसगावला होतं, तिकडे आम्ही आलो. डोक्यावर बोचकं, काखेत मी, माझ्यात ते पाखरू.

एकदा मुक्ताबाई तिथे आली. मला तिने लांबूनच ओळखलं. भोक पाहून कपाळाला आठी घातली, मग आतून आवाज आला तशी जवळ येऊन ऐकत राहिली.  आठ दिवसांनी तिने दोन मडक्या आणून दिल्या, ओल्या मातीतच बोटाने भोक पाडलेल्या. "भाजल्यावर कोरून भेगा पाडतुयास," एवढंच चाँदभाईला रागावली.

ते पिल्लू मादी निघालं. चाँदभाईने पुण्याहून तिच्यासाठी नर आणला. नव्या दोन मडक्या होत्या तरी बसायला तिने मलाच निवडलं. आता माझ्या काठाचा एक टवका उडालाय, तळाला बारीक चीर आहे. अजून दोन-तीन विणी निघतील माझ्यात, फार नाही.

लोक इथेही येतात. चांगले लोक, प्रेमळ लोक. "बघू, बघू, केवढंसं आहे!" म्हणत हात पुढे करतात. जैतुनबी त्यांना समजावते, मादी घाबरते म्हणून सांगते. ते मान डोलावतात आणि हात पुढेच ठेवतात. मग ती माझ्या भोकाकडे बोट दाखवून हलकेच म्हणते, "ह्या मडकीनं लोनावळ्याच्या बंगल्यात पाच जीव घेतलेत."

हात मागे जातात.

हे खोटं आहे. हे ऐकताना माझ्या मातीची भट्टी होते. पण मी गप्प राहते, आणि तुम्हालाही तेच सांगते. शहाणपणाने मागे राहणार असाल तर उत्तम. नसाल, तर खुशाल मला अवदसा म्हणा, मसणातली म्हणा, पण त्या झाकणीला हात लावू नका. आत ती बसली आहे, आणि चारांतल्या एका अंड्यातून आज सकाळपासून टकटक येतेय.