बर्टीच्या पॅन्टचा तक्ता

मी एक जुना तक्ता आहे. अज्ञानाचा अंधार दूर करणे हे माझे जीवितकार्य. सध्या मी नेब्रास्कातल्या एका शाळेत, पाचवीच्या वर्गात, भिंतीची भेग झाकतो.

मित्रांनो, माझा जन्म लिंडक्विस्ट बाईंच्या स्वयंपाकघरात झाला. बेसबॉलवरची स्वतः रचलेली एक विनोदी कविता बाईंनी माझ्यावर जाड अक्षरांत लिहिली. मग शाळेतल्या यंत्राच्या गरम रुळांमधून काढून माझ्या अंगावर प्लॅस्टिक चढवले. तेव्हापासून मला फारसे काही वाटत नाही. धूळ लागत नाही, पाणी लागत नाही, कौतुकही लागत नाही. कविता अशी होती:

बर्टी सुटला तळाकडे अन् पॅन्ट राहिली पाठी,
सारे प्रेक्षक उभे राहिले दोघांच्या स्वागतासाठी!

(तळ म्हणजे बेसबॉलमध्ये धावून गाठायची खूण.) आणखीही कडवी आहेत. त्यांत बर्टीचे काही भले होत नाही. अवघड शब्द तांबडे आहेत. बाई शब्दावर छडी ठेवत, मुलाने अर्थ सांगायचा. चुकला की वर्ग "आउट!" म्हणून ओरडे आणि शेजारचे त्याची पाठ थोपटत. सुरुवातीला पालक मला वाचून हसत. पुढे माझ्या कोपऱ्यावर कोट टांगू लागले.

यंदा एह पॉ वर्गात आली. करेन लोकांची मुलगी, ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीत वाढलेली. वडील मांसाच्या कारखान्यात. बेसबॉल तिने पाहिलेला नव्हता. तिला मार्कांची हाव नव्हती. मुले वर्गातच जेवतात; जेवताना शेजारी कुणीतरी बसावे, एवढेच तिला हवे होते. म्हणून मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर उभी राहून तांबडे शब्द पुटपुटत असे.

सोमवारी ती चुकली नाही. वर्गातली हेडी तिच्याशेजारी बसून जेवली. मंगळवारीही चुकली नाही. बुधवारी वर्गातला कोल्टन बाकीच्यांच्या कानात कुजबुजला, "ए, ही अजून आउट झालेली नाही. तोंड बंद ठेवा."

आमच्याकडे बेसबॉलमध्ये हा नियमच आहे. गोलंदाज कुणालाच चेंडू मारू देत नसेल, तर संघातले त्याच्याशी बोलत नाहीत, शेजारी बसत नाहीत. बोलले की दृष्ट लागते. मुलांनी तो नियम मनापासून पाळला. हेडीने आपले ताट उचलले आणि दूरच्या टेबलावर नेले. एह पॉ "हाय" म्हणाली की मुले छताकडे बघत. गुरुवारी तिच्या टेबलावर ती एकटीच होती.

शुक्रवारी शेवटचा शब्द आला, 'फजिती'. तो तिला येत होता. सकाळीच तिने माझ्यासमोर त्याचा अर्थ बिनचूक म्हटला होता. वर्ग श्वास रोखून बसला. एह पॉने मागे वळून एकेक चेहरा पाहिला. कुणीही तिच्याकडे बघेना.

"फजिती म्हणजे," ती म्हणाली, "एक टोपी."

"आउट!"

आणि सगळे तिच्यावर धावून आले. पाठ थोपटून थोपटून तिची वेणी सुटली.

"अगं बाई, किती थोडक्यात गेलं!" हेडी म्हणाली. "टोपी? टोपी कुठून आणलीस?"

"तुम्ही माझ्याशी बोलत का नव्हता?" एह पॉने विचारले.

"वेडी की काय! बोललो असतो तर चुकली असतीस ना!" कोल्टन म्हणाला.

त्या दुपारी तिच्या टेबलावर जागा पुरली नाही.

मित्रांनो, तक्त्यांची निगा राखा. ओल्या फडक्याने पुसा, वर कोट टांगू नका. आम्ही भिंतीवर असतो, सगळे बघतो आणि कुणालाही काही सांगू शकत नाही.

एह पॉ आता दर आठवड्याला, बहुधा मंगळवारी, एक शब्द चुकते. परवा तिचे वडील शाळेत आले होते. बाई त्यांना सावकाश म्हणाल्या, "मुलगी छान मिसळते हो. शब्दसंग्रह मात्र कच्चा आहे."