भट्टीभाऊचा कर्णा

मी एक जुना कर्णा आहे, हातात धरून बोलायचा. मित्रांनो, माझ्या कडेला पोचा पडला आहे आणि आवाज जरा नाकातून येतो. तरी हसू नका. याच आवाजाने एका भट्टीकामगाराला मंत्री केले आहे.

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात गेटवर सभा व्हायच्या, त्यासाठी कामगार संघटनेने मला आणले. बोलायचा तो भट्टीवरचा एक कामगार. सगळे त्याला भट्टीभाऊ म्हणत. त्या आगीपुढे बारा बारा तास उभी राहून माणसे वाळून जात. भाऊने तीन वर्षे माझ्यातून घसा फोडला, तेव्हा कुठे आठ तासांची पाळी झाली. त्या दिवशी त्याची बायको म्हणाली, "माझ्यापेक्षा हाच तुमचं जास्त ऐकतो." मी फुगून गेलो होतो, खोटे कशाला बोलू?

पुढे भाऊ निवडून आला आणि प्रांताचा कामगारमंत्री झाला. तिथे त्याला चकचकीत माइक मिळाला. मी संघटनेच्या कचेरीत, कपाटावर धूळ खात पडलो. सात वर्षांत माझे बटण गंजले. एकदा दाबले की अडकून बसायचे आणि मी चालूच राहायचो. हे संघटनेच्या चिटणीसबाईंना ठाऊक होते, भाऊला नव्हते.

मग बातमी आली की पाळी पुन्हा बारा तासांची होणार. मंत्रिमंडळाने मान डोलावली होती, भाऊची सही तेवढी बाकी होती. कामगार गेटवर ठाण मांडून बसले. भाऊ समजूत घालायला आला, तेव्हा बाईंनी मला त्याच्या हाती दिले. "बघू, विचार करू," असे काहीतरी गुळमुळीत बोलून त्याने बटणावरचे बोट उचलले आणि तो आपल्या सचिवाच्या कानाशी लागला.

"यांचं बरोबर आहे हो. पण एवढ्या लोकांसमोर आता मागे कसा फिरू?"

हे अख्ख्या गेटने ऐकले. भाऊचा चेहरा खर्रकन उतरला. कुणी हसले नाही.

"फिर की भाऊ," चिटणीसबाई म्हणाल्या. "आम्ही सरकून जागा करतो."

लोक खरेच सरकले. भाऊ त्यांच्यात मांडी घालून बसला. सही झाली नाही. महिन्याभरात मंत्रिपद मात्र गेले.

आता तो कचेरीत बसून लोकांचे तक्रारअर्ज लिहून देतो. त्याची बायको म्हणते, हल्ली निवांत घोरतात. मीही त्याच्या टेबलावर सुखात आहे.

मित्रांनो, कपाटावर टाकलेल्या जुन्या वस्तूंवरून अधूनमधून फडके फिरवत जा. आणि खरी गोष्ट कुणाच्या कानात कुजबुजू नका. ती ज्यांची आहे, त्यांना ऐकू जाईल अशी बोला.