मास्तरांची लांब प्रार्थना

चर्चमध्ये मास्तर प्रार्थनेला उभे राहिले की सगळी मंडळी कान टवकारून ऐकायची. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी वाणीची धार गेली नव्हती. आणि खरं सांगायचं तर, मास्तरांनाही ते चांगलंच ठाऊक होतं.

त्या बुधवारी संध्याकाळी त्यांनी मंडळीतल्या लाँड्रीवालीसाठी प्रार्थना केली. "प्रभू, आमच्या या बहिणीचे अश्रू पूस. तिचा नवरा दारूच्या आहारी गेला आहे, घरात भांडी आपटली जातात, लेकरू उपाशी निजतं..." हे तिनं त्यांना विश्वासानं सांगितलं होतं, तेही गेल्या हिवाळ्यात. मास्तर अगदी रंगात आले होते. मागे बाक सरकलं, पावलं वाजली, दार लागलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. उलट आवाज जरा चढवला.

दोघं घरी आले. चपला काढता काढता बायको म्हणाली, "शेवटच्या बाकावरून उठून कोण गेलं, माहीत आहे?"

"कोण?"

"तिचा नवरा. आज पहिल्यांदाच आला होता. चार महिने थेंबाला शिवलेला नाही तो. आत शिरताना तिनं मला सांगितलं. केवढी खुशीत होती!"

"मला काय माहीत?"

"विचारलंत कधी? हिवाळ्यापासून एकदा तरी त्यांच्या दारात गेलात?"

नव्हते गेले. मास्तरांना जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लाँड्रीत गेले. वाटेत त्यांनी 'अनवधानाने', 'अंतःकरणपूर्वक' असे भारदस्त शब्द जुळवून ठेवले होते. एकच खोली, भिंतीला लागून कपड्यांचे गठ्ठे. बाईचा हात भाजला होता, त्यावर पट्टी होती. इस्त्री नवरा फिरवत होता. त्यानं मान वर केली नाही.

मास्तरांनी जुळवलेले शब्द बाजूला ठेवले. "मी चुकलो," ते कसेबसे म्हणाले. "काही न विचारता चारचौघांत तुमच्याबद्दल बोललो."

"चारचौघांत कुठे, मास्तर?" नवरा म्हणाला. "साठ-सत्तर माणसं होती. पुढच्या बाकावर माझी पोरगी होती."

मास्तरांची नजर गठ्ठ्यांवर गेली. "हे पोचवायचे आहेत?"

"मीच पोचवते," बाई म्हणाली, "पण आज हात असा..."

"मी नेतो."

"तुम्ही? लोक काय म्हणतील?"

"पुण्य कमवायला आलात वाटतं," नवरा म्हणाला.

"नाही." मास्तर थांबले. "आलो असेनही. पण कपडे तर पोचतील."

पहिलाच गठ्ठा मंडळीतल्या एका कारकुनाच्या घरचा निघाला. त्याची बायको दारातच म्हणाली, "अगबाई, मास्तर तुम्ही! बिचारी ती, नवरा हा असला, म्हणून तुम्हाला धावावं लागतंय. कालची प्रार्थना मात्र काय सुंदर झाली!"

मास्तर कसनुसे हसले, "प्रभूची कृपा," म्हणाले आणि जिना उतरले. खाली पोचेपर्यंत त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. काल निदान नकळत तरी घडलं होतं. आज काय झालं होतं? ते कठड्याला धरून तसेच उभे राहिले. मग पुन्हा तीन मजले चढले.

"ताई, काल मी बोललो ते खरं नव्हतं. तो माणूस चार महिने प्यायलेला नाही. हे कपडे त्यानंच इस्त्री केलेत."

"अस्सं होय," ती म्हणाली. तिला ते फारसं रुचलेलं दिसलं नाही. दार लागलं.

मंडळीतली आणखी सहा घरं होती. प्रत्येक दारात त्यांनी तेच सांगितलं, कमी कमी शब्दांत. एका घरी लोक आपसांत हसले. एका म्हाताऱ्यानं मात्र, "बरं झालं सांगितलंत," म्हणून पाणी विचारलं. शेवटच्या दारात मास्तर एवढंच म्हणाले, "तो पीत नाही. चूक माझी होती."

दुपारी ते लाँड्रीत परतले तेव्हा खांदे भरून आले होते. मुलगी शाळेतून आली होती. मास्तरांना पाहताच ती दप्तर उचलून आतल्या बाजूला गेली आणि तिनं पडदा ओढून घेतला. मास्तरांनी मान खाली घातली.

"सगळे दिले?" नवऱ्यानं विचारलं.

"दिले."

त्यानं कॉलरवर पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली. मास्तर निघायला वळले.

"उद्या चादरी आहेत," तो मागून म्हणाला. "जड असतात. आठला या."